न सांगितलेला अर्धा तास

माझ्या धाकट्या दिरांवर मी एक खोटा आळ आणला, आणि त्यासाठी मला एकही खोटे वाक्य बोलावे लागले नाही. मी बरीच वर्षे महाविद्यालयात कविता शिकवली. कोणता शब्द कुठे ठेवला की भार कुठे पडतो, हे मला कळते. त्यामुळे ते माझ्याकडून अजाणता घडले, असे म्हणण्याची सोय मला उरलेली नाही.

आम्ही वाशीमला राहतो. शेत मेडशीला आहे आणि ते सगळे धाकटे दीर पाहतात. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या जिन्यावरून मी पडले, डाव्या घोट्यात सळई बसली आणि क्लच दाबणे कायमचे सुटले. तेव्हा पतींनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. गावात तिला ‘बिनगेरची गाडी’ म्हणू लागले. पहिल्यांदा ती घेऊन गेले, तेव्हा शेजारचे एक म्हातारे काका तिच्याभोवती फेरी मारून म्हणाले, “मंग सूनबाई, डावा पाय कायले संगं आनला? घरी ठेवून याचा ना!” सगळे हसले. मीही हसले. आतून मात्र मी त्या दिवशी फार ताठ होते. घोटा मोडल्यापासून कुठेही जायचे तर कुणाला तरी विचारावे लागे. आता विचारावे लागत नव्हते. वाटेतले मालेगाव सोडले की दोन्ही अंगांनी तुरीची शेते लागतात. काच खाली केली की फुलोऱ्याचा किंचित कडसर वास आत येई, आणि चढ आला की गाडी जराशी थबकून, जणू श्वास घेऊन, आपला आपण गेअर बदली. तो थबकण्याचा क्षण मला तळपायात जाणवे. मला तो आवडे.

आमच्याकडे कपाशीची पहिली वेचणी सुरू होण्याआधी बाया शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, एका ओळीत पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग पहिले बोंड घरच्या सुनेने वेचायचे. थोरली सून म्हणून तो मान माझा. त्या वर्षी परतीचा पाऊस दोनच दिवस आधी होऊन गेला होता. सकाळी दिरांचा फोन आला.

“वहिनी, गाडी डांबरीवरच ठेवजा. पांदणीत घालू नोका. वरून सुकली दिसते, पन खाली निरं लोनी हाये.”

पांदण म्हणजे दोन शेतांच्या धुऱ्यांमधून, बांधांमधून जाणारी गाडीवाट. डांबरी रस्त्यापासून आमचे शेत त्या वाटेने काही फार दूर नाही. काठी घेऊन मी चालत जाऊ शकले असते. पण अंगावर नवे लुगडे होते, शेजारच्या आसनावर दह्याचे कांस्याचे भांडे होते, आणि पुढे बाया डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या. त्यांच्या मागून लंगडत जाण्यापेक्षा त्यांच्यामधून गाडी घेऊन जाणे मला शोभेसे वाटले. खरे कारण एवढेच होते. मी हॉर्न वाजवला. बाया धुऱ्यावर चढल्या आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. त्यांत माझी जाऊही होती. तिने काचेवर बोटाने टकटक केले.

“जाईन का जी बाई, गाडी?”

“जाते की,” मी म्हटले आणि पुढे झाले. आरशात पाहिले, तर बाया पऱ्हाटीतल्या पायवाटेने आडव्या निघाल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांच्या टोपल्याही दिसेनाशा झाल्या.

वळणावर पुढची चाके बसली. आधी गाडी नुसती एका बाजूला कलली, पाण्यातल्या म्हशीसारखी, निवांतपणे. मी पाय दाबला. चाके फिरली, काळा चिखल पोटाखाली थापला गेल्याचा मऊ, ओला आवाज आला आणि गाडी आणखी बोटभर खाली गेली. मी गेअरची दांडी मागे घेतली, पाय दाबला. पुढे घेतली, पाय दाबला. मागे, पुढे, मागे, पुढे. मध्ये पाय उचलायचा असतो, हे मला ठाऊक होते. मी उचलला नाही. इंजिनाचा सूर गुणगुणण्यातून रडण्यात गेला. मग वास आला. प्रथम गोडसर, चुलीवर विसरलेल्या तुपासारखा. नंतर कडू, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा. मी काच वर केली. समोर एक पिवळा दिवा लागला, त्यावर दातेरी चक्राचे चित्र होते. मुलांना चिन्हांचे अर्थ सांगण्यात माझे आयुष्य गेले. हे चिन्ह मला कुणी न सांगता कळले. तरी मी दाबतच राहिले, कारण कोणत्याही क्षणी जाऊ मला शोधत त्या वळणावर येईल आणि मला असे रुतलेले पाहील, याचीच मला भीती वाटत होती. गाडीतल्या घड्याळात अर्धा तास गेला. मग इंजिन ओरडत राहिले आणि चाके फिरेनाशी झाली. तेव्हा मी दिरांना फोन केला.

ते ट्रॅक्टर घेऊन आले. उतरून त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टपापर्यंत उडालेला चिखल पाहिला, चाकांखालचे खड्डे पाहिले, वाकून वास घेतला.

“वहिनी, लय रेस देल्ली का?”

“नाही हो भाऊजी. थोडीशीच.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग पायांतल्या चपला काढून ते चिखलात उतरले. “असू द्या. तुमी जा पुढं. बाया थांबून राह्यल्या तठी. हे मी पाह्यतो.”

मी गेले. चिखलाच्या पायांनी खड्यांना कुंकू वाहिले, पहिले बोंड वेचले, बायांनी गाणे म्हटले. परतले तोवर त्यांनी गाडी डांबरीवर काढून ठेवली होती. ती सुरू होई, गुरगुरे, पण जागची हलत नव्हती. मग त्यांनी दोर बांधला आणि मला स्टिअरिंगवर बसवून गावातल्या घरापर्यंत टोचन लावून नेले. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढण्याला आमच्याकडे टोचन म्हणतात. ट्रॅक्टर असलेला प्रत्येक माणूस आठवड्यातून एकदा तरी कुणाला ते लावतो. वाट जेमतेम दीड किलोमीटर. बैलाच्या चालीने, दर दहा पावलांनी मागे वळून पाहत, त्यांनी मला घरी आणले.

घरातून मी पतींना फोन केला. म्हटले, “गाडी पांदणीत रुतली होती. भाऊजींनी ट्रॅक्टरने ओढून आणली. आता ती जागची हलत नाही.”

तीन वाक्ये, तिन्ही खरी. मधला अर्धा तास मी काढून टाकला, आणि ज्या क्रमाने उरलेले ठेवले, तो क्रमच पुढचे सारे बोलला.

पतींनी अकोल्याच्या मेकॅनिकला विचारले आणि मला उलट फोन केला. “ओढली, तिथेच घोटाळा झाला. ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढायची नसते. इंजिन बंद असलं की आतलं तेल फिरत नाही, चाकं मात्र फिरत राहतात. सगळं कोरडं घासतं. तो म्हणतो, असा ओढलेला गेअरबॉक्स खोलण्यात अर्थ नाही. दुरुस्त केला तरी दोन महिन्यांत परत येईल. दुसराच बसवावा लागेल.”

“असं असतं का?” मी म्हटले.

पुढच्या रविवारी आम्ही मेडशीला गेलो. गाडी तोवर उचलून अकोल्याला नेली होती, म्हणून एसटीने गेलो. ओसरीवर पंगत बसली होती, शेजारचे दोघे गप्पांना आले होते. पतींनी पहिला घास मोडला आणि सुरू केले.

“काहून रे, तुले कोनं सांगतलं होतं टोचन लावाले? बैलगाडी हाये का ते?”

“चुकलं दादा.”

“चुकलं म्हनते! इचाराचं होतं ना एक डाव. फोन त खिशातच रायते तुह्या.”

“मले मालूम नव्हतं,” दीर म्हणाले.

शेजारच्यांपैकी एकाने तंबाखू मळता मळता मान डोलावली. “आता गावात कोनाची गाडी फसली का ह्यालेच बलवू. टोचनभाऊ!” दोघेही मोठ्याने हसले. पतीही हसले. दिरांनी आणखी एक भाकर मागून घेतली. मी वरणाच्या वाटीत पाहत होते. वरणावर तेलाचा एक पिवळा ठिपका फिरत होता, आणि तो काठाला लागेपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढली नाही. त्यांनी एकदा जरी माझ्याकडे रोखून पाहिले असते, तरी मला बरे वाटले असते. ते जेवत राहिले. जाऊने मला चहा दिला तो हातात दिला नाही, समोर जमिनीवर ठेवला. तिला काही ठाऊक होते की नवऱ्याचा अपमान एवढाच तिला लागला होता, हे विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

पंधरवड्याने मी कामासाठी अकोल्याला गेले आणि गाडीत राहिलेला चष्मा आणायला गॅरेजमध्ये डोकावले. मेकॅनिक वयस्कर होते, पांढऱ्या दाढीचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी गेअरबॉक्समधले तेल एका पसरट भांड्यात उतरवून ठेवले होते.

“मॅडम, इकडं या जरा.”

त्यांनी पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकले. एक नव्या तेलाचा, पायाला लावायच्या आळत्यासारखा लखलखीत लाल. दुसरा आमच्या गाडीतला: काळपट, कडेला पसरताना मातकट होत जाणारा. त्याचा वास घ्यायला मला वाकावे लागले नाही. पांदणीतला तोच कडवटपणा होता.

“साहेब बोलले, ट्रॅक्टरनं ओढली. किती ओढली?”

“दीड किलोमीटर.”

“जोरात?”

“नाही. अगदी हळू.”

ते हसले. “मंग त्यानं काय खाक होते?” भांड्याच्या तळातले एक लहानसे लोहचुंबक त्यांनी बोटाने पुसून माझ्यासमोर धरले. “ओढून खराब झाला असता, त इथं लोखंडाचा चुरा लागला असता. चमकते तो. हे पाहा, हे काजळ हाये. आतल्या क्लचच्या प्लेटा जळल्या. गाडी जाग्यावर उभी, अन् कोनं तरी लय वेळ रेस देत बसलं. तेल कायले खोटं बोलंन?”

मी चष्म्याचे घर उघडले, मिटले.

“मले फक्त एवढं सांगा मॅडम, चिखलात काय झालं ते. तसं असंन त मी खोलतो, प्लेटा बदलतो, तुमचा जुनाच मस्त चालते. नाई त साहेब म्हनतात तसा दुसरा बसवतो. पन दुसऱ्याच्या पोटात काय हाये, ते मले बी नाई मालूम.”

पत्र्यावर कुणीतरी हातोडी मारत होते. तो आवाज थांबावा आणि थांबूही नये, असे मला वाटत होते. मी म्हटले, “मला त्यातलं काही कळत नाही. साहेबांनाच विचारा.”

आयुष्यभर वर्गातल्या मुलींना मी ज्या वाक्यावरून रागावत आले, तेच वाक्य मी तिथे स्वतःच्या तोंडाने म्हटले. उस्तादांनी हात पुसले, सावकाश, एकेक बोट. “ठीक हाये मॅडम. तुमची मर्जी.”

मग नागपूरला, अपघातात सापडलेल्या एका तशाच गाडीचा गेअरबॉक्स मिळत असल्याचे कळले. पतींना रजा नव्हती. त्यांनी भावाला सांगितले, तू जाऊन घेऊन ये. तुरीवर अळी पडली होती, फवारणी अडली होती. तरी दीर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जुन्या गेअरबॉक्सच्या नंबरांचा कागद घ्यायला वाशीमला आमच्या दारात उभे राहिले. खांद्याला पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेली भाकर. ते आमच्याकडे कधी रिकाम्या हाताने येत नाहीत; वाल, अंबाडी, काही ना काही जाऊ पाठवते. त्या दिवशी तिने काही पाठवले नव्हते.

पतींनी कागद त्यांच्या हाती दिला. “नंबर नीट जुळवून घेजो. नाई त तठूनही टोचन लावून आनशीन.”

“नाई दादा,” ते म्हणाले आणि हसले. त्या हसण्यात कसलीही धार नव्हती. चहाची वाफ त्यांच्या तोंडासमोर होती, आणि वाफेआडून ते मला एकाएकी म्हातारे दिसले.

“गाडी मी जाळली,” मी म्हटले.

पतींचा कप बशीवर टेकला.

“भाऊजी यायच्या आधीच ती गेली होती. मी अर्धा तास चिखलात रेस देत बसले होते. वास येत होता, दिवा लागला होता, मला सगळं कळत होतं. त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी थोडीशीच म्हणाले. त्यांचा काहीही दोष नाही. आणि उस्ताद म्हणतात, तसं असेल तर जुनाच दुरुस्त होईल, दुसरा आणायला नको.”

“अर्धा तास?” पती म्हणाले. मग त्यांचा आवाज अगदी मऊ झाला. “मग तेव्हाच नाही का सांगायचं? पाय तर दुखावला नाही ना तुझा?”

भावाला त्यांनी तीन आठवडे टोमण्यांवर टोमणे मारले होते. मला एक वाक्य मिळाले, आणि त्यातही माझ्या घोट्याची काळजी होती. असे काही होईल याची मी कल्पना केली नव्हती. मी रागाची तयारी केली होती. किल्ली काढून घेतली जाईल, आता एसटीने जा, असे ऐकावे लागेल, याची तयारी केली होती. याची नव्हती.

“मला नका विचारू,” मी म्हटले. “त्यांना काहीतरी म्हणा.”

“त्याले काय म्हनाचं? घरचाच हाये तो,” पती म्हणाले आणि भावाकडे वळले. “नाई का रे?”

“हो ना दादा,” दिरांनी चहावर फुंकर घातली.

“भाऊजी, तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटले.

“वास होता ना वहिनी तठी. अन् खड्डेही पाह्यले मी.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांना प्रश्न खरोखरच कळला नसावा. “तुमी थोडीशीच म्हनलं होतं. मंग मी त्याच्यावर कायले बोलू?” मग त्यांनी कागदाची घडी करून टेबलावर ठेवली. “मंग नागपूर क्यानसल ना? जातो मी. औषीद फवाराचं राह्यलं तुरीवर.” मी माफी मागितली, ती त्यांनी चपला घालता घालता, “जाऊ द्या ना,” म्हणून अर्ध्यातच थांबवली. फाटकापर्यंत ते झपाझप गेले. मेडशीची बस त्यांना गाठायची होती.

त्याच सकाळी मी उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, “मले मालूमच होतं मॅडम. खोलतो.” त्यांनी खोलला, जळालेल्या प्लेटा बदलल्या, आतला कोपरा न् कोपरा धुतला. जुनाच गेअरबॉक्स नवे तेल पिऊन परत आला.

गाडी मिळाल्यावर मी सर्वांत आधी मेडशीला गेले. घरच्या माणसांना पतींनी फोनवर सांगितले होते. जाऊने त्यावर काय म्हटले, ते मला कुणी कळवले नाही. पण ओसरीवरच्या त्या दोघा शेजाऱ्यांना, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेल्या साऱ्या गावाला, सांगायचे राहिले होते. स्टँडवर चहाच्या टपरीपाशी पाच-सहा जण उभे होते. त्यांत दीर होते, आणि तो तंबाखू मळणारा शेजारीही होता. माझी गाडी दिसताच तो ओरडला, “ओ टोचनभाऊ, आली पाह्य तुह्यी गिऱ्हाईक!”

मी गाडी तिथेच थांबवली. उतरले. काठी घेतली नाही. कढत असलेल्या आल्याचा वास येत होता, आणि त्या माणसांनी माझ्यासाठी बाकावरची जागा लगबगीने मोकळी केली. मी बसले नाही. उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, “त्यांना त्या नावाने हाक मारू नका. गाडी त्यांनी बिघडवली नाही. त्यांनी नको म्हटलं असताना मी पांदणीत नेली, चिखलात अर्धा तास रेस दिली आणि जाळली. दोर बांधला तेव्हा ती आधीच निकामी झाली होती. आणि मी घरी हे लपवलं.”

चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. मग त्या शेजाऱ्याने हातातली तंबाखू खाली झटकली आणि माझ्यापुढे दोन्ही हात जोडले.

“मानलं वहिनी तुमाले. दिराची लाज राखाले सोतावर घेऊन राह्यल्या. आजकाल सख्खी बहीन करत नाई असं.”

“नाही हो, खरंच मीच...”

“राहू द्या ना जी. आमाले समजते.” बाकीच्यांनी माना हलवल्या. एक म्हातारे गृहस्थ हलकेच म्हणाले, “शिकेल घरची बाई हाये,” आणि सगळ्यांना ते पटले.

मी दिरांकडे पाहिले. त्यांना हसू आवरेना. ग्लासातला चहा हिंदकळून त्यांच्या बोटांवर सांडला. “पाह्यलं ना वहिनी?” ते म्हणाले. “आता तुमी कितीबी सांगा.”

“अरे टोचनभाऊ, वहिनीले चहा दे आदी,” कुणीतरी म्हटले. ते तसेच हसत वळले, टपरीतून एक ग्लास घेतला आणि माझ्या हातात दिला. ग्लास फार गरम होता. मी पुन्हा एकदा सांगायला तोंड उघडले. समोरच्या प्रत्येक चेहऱ्यावर माझ्याविषयीचा आदर आणखी वाढत होता.